गच्चीवरच्या पंधरा चकत्या

२९ जानेवारी

यंत्र बसलं! गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून चांगलं लांब. सुकेशनीनं जहाजावर चढायच्या आधीच पार्सल धाडलं होतं – पंधरा पांढऱ्या चकत्या, चिमटा, हातमोजे आणि चार पानं सूचना. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस मी. सूचना एकदाच वाचल्या. (खरं म्हणजे तीनदा.)

काम सोपं. रोज सकाळी सातला जुनी चकती काढायची, पिशवीत घालायची, नवी लावायची. पंप दिवसरात्र हवा ओढतो, हवेतली धूळ चकतीवर बसते. तिकडे अरबी समुद्रावर पोरगी तेच करते. मग दोन्हीकडच्या धुळीत शिसं किती, जस्त किती, तांबं किती ते मोजायचं. या दिवसांत वारा आपल्याकडून समुद्राकडे वाहतो. आपल्या हवेतलं काय तिथवर पोचतं, हा तिचा प्रश्न. जमिनीवरचा आकडा नसेल तर समुद्रावरचा कशाशी ताडणार? तिची पीएच.डी. यावरच अडली आहे. आणि तिनं तो आकडा माझ्यावर सोपवला! आमच्या चुडावा गावातल्या किती जणांनी समुद्र पाहिलाय, देव जाणे. मी तरी नाही.

३० जानेवारी

पहिली चकती काळपट. रुख्मिणी म्हणते, "त्या डब्याला जेवढं जपायलाव तेवढं मला जपलं असतं तर!"

३१ जानेवारी

जहाजावरून दोन मिनिटं फोन. वारा मागून आला की ती पंप बंद करते. जहाजाच्याच चिमणीचा धूर चकतीवर बसला तर नमुना वाया!

ऐकलं आणि खाली बघितलं. शेजारच्या ग्यानबाच्या दारात कचरा धुमसत होता. ग्यानबा शेळ्या-मेंढ्या राखतो, आपला जुना शेजारी. पण तो एकटा कुठं? सकाळी गावभर कचरा पेटतो – प्लास्टिक, चपला, टायर. त्यात शिवारात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळायचे दिवस.

संध्याकाळी त्याच्याकडं गेलो. बिचकतच सांगितलं. तो म्हणाला, "गुर्जी, सुकेशनीचं काम म्हंजी आमचंच. एक काडी पेटणार न्हाई." आणि उठून स्वतःच गावात सांगायला गेला.

३ फेब्रुवारी

कुणाकुणाचे आभार मानू? जमीनदार व्यंकटरावांनी दोन एकरांच्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या, जाळल्या नाहीत. ग्यानबाची बायको कासाबाई धूळ उडू नये म्हणून गल्लीभर पाणी मारते. ज्या शिवारात माझ्या बापानं मजुरी केली, त्याचा मालक आज माझ्या पोरीसाठी काडी ओढत नाही. हे बघायला बाप पाहिजे होता. लिहिताना डोळे भरून आले, लपवायचं कशाला?

५ फेब्रुवारी

चकती जवळजवळ पांढरी!!

७ फेब्रुवारी

लाईट गेली होती. पंप बॅटरीवर चालला. रुख्मिणी आपणहून चारदा वर जाऊन बघून आली. मला बोलली नाही, पण मी पाहिलं.

९ फेब्रुवारी

काय करून बसलो मी.

सुकेशनीचा फोन. "पप्पा, चकत्यांचे फोटो बघितले. एवढ्या पांढऱ्या कशा काय?" मी छाती फुगवून सगळं सांगितलं – ग्यानबा, व्यंकटराव, गल्लीतलं पाणी. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मला चांगली हवा नको होती. जशी आहे तशी पाहिजे होती."

जहाजाचा धूर समुद्राचा नाही, म्हणून ती तो टाळते. गावचा धूर तर गावाचाच! तोच मोजायचा होता. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळा झाडायची, भिंती रंगवायच्या – जित्याची खोड. साऱ्या गावाला कामाला लावून पोरीचे नऊ दिवस पाण्यात घातले.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उलट मलाच समजावत होती. "पहिल्या तीन चकत्या कामाच्या आहेत. उरलेल्या तीन दिवसांत तशाच मिळाल्या तरी भागेल. कुणाला अडवू नका, नेहमीसारखं चालू द्या." एवढी शांत पोरगी माझ्या पोटी आली, यातच सगळं मिळालं. पण आता हे तीन दिवस चुकवायचे नाहीत.

१० फेब्रुवारी

सकाळीच ग्यानबाकडं गेलो. म्हटलं, आता बिनधास्त पेटवा, पोरीला रोजची हवा पाहिजे. कासाबाई पुढं आली – "न्हाई, गुर्जी. आमच्या नातीला धा दिस झाले, धाप लागली न्हाई. सुकेशनीला म्हणावं, आता हीच रोजची हवा."

तसंच कळवलं.