ओढ्याच्या कवितेची पुढची ओळ

डिंभे, दिवाळीनंतर, २००६

माझी कोंडाक्का,

पाय दुखायचा थांबला. पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. बारीक भोकं पाडून घोट्याची हाडं स्क्रूनं एकमेकांना जखडली. "बाबा, दुखणं जाईल, पण घोटा पुन्हा वाकणार नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी हसून म्हणालो, "न वाकू दे. मला फक्त बहिणीकडं वर जायचंय." जखम एवढीशी, म्हणून गमवायचंही एवढंसंच असेल, असं वाटलं मला.

परवा कड्याखाली गेलो. तुझ्या वाडीला चढायच्या त्या खडकातल्या खोबण्या! पहिल्याच खोबणीत पाऊल बसेना, ठोकळ्यासारखं घसरून बाहेर आलं. लहानपणी मी घरी कविता घोकायचो आणि शाळेचं तोंड न पाहिलेली तू ती माझ्याआधी पाठ म्हणायचीस. त्या खडकाला टेकून त्यातलीच ओढ्याची कविता सगळी म्हटली. वर कुठं ऐकू जाणार?

काल तुझा गोरख आला. "मामा, आईनं अंथरूण धरलंय. सारखी इचारती, वढ्याच्या कवितेत म्होरं काय व्हतं? लिवून द्या, मी वाचून दावतो."

"लिहून कशाला? येऊन सांगतो म्हणावं."

"तुमी येणार म्हणून तर तग धरून हाये ती."

अक्का, मी येणार नाही. ओळ मला पाठ आहे. पण ती पाठवली, तर कविता पुरी होईल आणि तू वाट बघायची थांबशील. म्हणून हे पत्र उशाखाली ठेवतोय.

खालीच राहिलेला,
तुझा देवजी