एकट्याची फुंकर

मी, तोयोसाकु किदो, वय एकोणऐंशी, राहणार एचिझेन, धंदा पाण्यावर शाई सोडून तिची नक्षी कागदावर उचलण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र नोटरीसाहेबांना सांगून लिहवून ठेवतो. डोके शाबूत आहे.

१. घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी मिने हिला.

२. लाकडी हौद आणि कुंचले पुतणी चियो हिला. एक कुंचला शाईचा. दुसरा नुसता आपल्या केसांवरून फिरवून पाण्याला टेकवायचा, केसांच्या त्या तेलानेच शाई सरून वलय उमटते. तिने त्या तेलाऐवजी बाजारची रसायने वापरली तर हौद देवळाला द्यावा.

३. कुराता शिराकी चाळीस वर्षे माझ्या कागदांवर हायकू लिहितो. लोक त्यांना ‘शिराकींचे कागद’ म्हणतात. पाणी माझे, शाई माझी, नाव त्याचे! मी त्याच्यावर जळतो. मरताना लपवू कशाला?

आमच्या बैठकीत हायकू निनावी वाचतात. मते पडली की ज्याचा त्याने आपले नाव पुकारायचे. एकोणीस वर्षांपूर्वी सर्वांत जास्त मते पडली ती या हायकूला:

हिवाळी पाणी
शाईवर फुंकर
एकट्याचीच

तो माझा होता. पूर्वी हौदावर फुंकर घालायला मिने बसायची. मग ती बैठकीत हायकूंच्या चिठ्ठ्या उतरवून घ्यायला तिकडे जाऊ लागली. तिने अक्षर ओळखू नये म्हणून मी डाव्या हाताने लिहिले, तेच नडले. मी नाव पुकारायला तोंड उघडले, तोच ती म्हणाली, “अगंबाई, हे तर शिराकीसानांचंच! दुसऱ्या कुणाला सुचणार?”

कुराता नुसता हसला. नाही म्हणाला नाही. मी नाव पुकारलेच नाही.

घरी येताना बर्फ पडत होता. मिने म्हणाली, “बिचाऱ्याला घरी कुणी नाही हो, म्हणून असं लिहितो.”

मी म्हणालो, “छत्री सरळ धर.”

४. माझ्या कपाटात बारा कोरे नक्षीचे कागद आहेत. अकरा चियोला. बारावा माझ्या शवपेटीत ठेवावा. कुराताची शाई एकालाही लागता कामा नये.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे नोटरीसाहेबांनी सांगितले. म्हणून मी कुरातालाच साक्षीदार नेमले आहे. हे सगळे त्याच्यासमोर मोठ्याने वाचले जाईल. बसून ऐकू दे.

ठिकाण: राहते घर, एचिझेन
दिनांक: ९ फेब्रुवारी, हेइसेई १४ (सन २००२)

लिहून देणार: तोयोसाकु किदो
साक्षीदार: १. हिसा ओतानी, शेजारीण
२. कुराता शिराकी

नोटरीची नोंद: वाचन संपल्यावर साक्षीदार क्र. २ उठून उभे राहिले आणि कोणी विचारले नसताना त्यांनी, बैठकीत नाव पुकारावे तसे, मोठ्याने ‘तोयोसाकु!’ असे पुकारले. चहा घेऊन आलेल्या मिनेबाई कलम ३ पासून दारातच ऐकत उभ्या होत्या. “अहो, तो एकटा म्हणजे तुम्ही?” असे त्यांनी विचारले. साक्षीदार बदलून शिराकी यांना आता काही द्यायचे का, असे मी विचारता लिहून देणाऱ्याने “मुळीच नाही” असे सांगितले. मात्र कलम ४ मध्ये पुढील बदल सह्यांपूर्वी करवून घेतला: बारावा कागद मिनेला. त्यावर तो हायकू मी आजच लिहीन, उजव्या हाताने.