डावीकडून तिसरा

४ मार्च

चुलतभावाची पुस्तिका, पान सात. "आपले आजोबा १९१९ साली ग्रंथपाल झाले." झाले नाहीत. ते ग्रंथालयात पुस्तकांची यादी लिहिणारे कारकून होते, आणि १९२५ साली वारले तेव्हाही कारकूनच होते. पान आठ. "ग्रंथालयाच्या छायाचित्रात आपल्या आडनावाचे दोघे दिसतात, ते सख्खे भाऊ होत." दुसरे गृहस्थ पुस्तकबांधणी करणारे. आडनाव एक, नाते शून्य. पान नऊ. छायाचित्राचे वर्ष १९२२ दिले आहे. ते १९२४ हवे.

एकंदर एकेचाळीस चुका. विरामचिन्हांच्या मोजल्या नाहीत.

संध्याकाळी त्याला दूरध्वनी केला. म्हणाला, "दादा, तुमच्या हातात कागद दिला की तो कांजिण्या आल्यासारखा परत येतो." मग म्हणाला, "तेवढं मुखपृष्ठाचं बघा. तुमच्या बाहेरच्या खोलीतला आजोबांचा फोटो पिवळा पडलाय. ग्रंथालयात मूळ ग्रुप फोटो आहे ना, त्यावरून नवी प्रत काढून द्या. तुम्ही तिथे जन्म काढलात, तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

मूळ छायाचित्राची काही गरज नाही, असे मी सांगितले. पण नातीने ऐकले होते. जुन्या नोंदवह्यांत आपल्या आडनावाची जितकी माणसे सापडतील तितकी टिपण्याचे खूळ सध्या तिच्या डोक्यात आहे. लगेच म्हणाली, "आजोबा, मी येते बरोबर."

७ मार्च

आज गेलो नाही. गुडघा दुखत असल्याचे सांगितले. गुडघा दुखत नव्हता.

११ मार्च

गेलो. जुन्या कागदांचा विभाग आता तळमजल्यावर आला आहे. माझे टेबल तेच. त्यावर छपाईयंत्र ठेवले आहे. विभागातील बाई एके काळी माझ्या हाताखाली शिकल्या, आता त्याही निवृत्तीला आल्या. नातीला म्हणाल्या, "सरांचं अक्षर आम्ही नव्या लोकांना दाखवतो. नोंद कशी असावी, तर अशी."

त्यांनी खोके आणले. पायऱ्यांवर उभे असलेले अकरा कर्मचारी. छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावे, माझ्या अक्षरात, प्रत्येक नाव त्या त्या माणसाच्या बरोबर पाठीमागे. खोक्याच्या तळाशी छायाचित्रकाराने त्या वेळी करून दिलेली यादीही निघाली.

नातीने भिंग घेतले. "डावीकडून तिसरा म्हणजे आपल्या घरातला फोटो ना? मग ह्यांच्या कोटाला सुई कशी? दोरासुद्धा आहे बघा."

घरी फक्त चेहरा मोठा करून लावला आहे. कोट त्यात येत नाही.

"यादी लिहिणाऱ्याला सुई कशाला लागेल, आजोबा?"

तिने छायाचित्रकाराची यादी वाचली. डावीकडून तिसरे: आपले आडनाव, पुढे 'बांधणी'. नववे: आपले आडनाव, पुढे 'यादी'. मग तिने छायाचित्र उलटे केले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. "तुम्ही पालथं ठेवून डावीकडून नावं लिहीत गेलात. पालथं केलं की डावं उजवीकडे जातं ना."

विभागातील बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. चष्मा स्वच्छच होता.

१२ मार्च

लिहून ठेवणे प्राप्त आहे.

१९६९ साली जुन्या छायाचित्रांवर नावे घालण्याचे काम माझ्याकडे आले. छायाचित्र खिडकीच्या काचेवर पालथे धरायचे. उजेडात माणसांच्या आकृती मागून दिसतात. मग प्रत्येकाचे नाव नेमके त्याच्या पाठीवर लिहायचे. ही पद्धत माझी. तिचा मला अभिमान होता. बाकीच्या छायाचित्रांवरची नावे लोकांना विचारून घातली. तयार यादी होती ती याच एका छायाचित्राची, आणि याच एकाचा घोटाळा झाला. अकरांतला सहावा माणूस कसेही मोजले तरी सहावाच राहतो. ते ग्रंथपाल. त्यांना सारे ओळखत. म्हणून इतरांविषयी कोणाला शंका आली नाही.

आजोबा गेले तेव्हा वडील चार वर्षांचे होते. वडिलांना त्यांचा चेहरा आठवत नसे, आणि घरात छायाचित्र नव्हते. मी डावीकडून तिसरा चेहरा मोठा करून आणला. रुंद कपाळ, शांत डोळे. वडिलांनी बसायला खुर्ची मागितली. बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "नाक माझंच आहे रे." आम्ही सर्वांनी होकार दिला. जुलैमध्ये ते भिंतीवर लागले. पुढची सतरा वर्षे वडील त्याच्यासमोर बसून वर्तमानपत्र वाचीत.

खरे आजोबा उजवीकडून तिसरे. छायाचित्र घेताना ते हलले. कान दिसतात. बाकी सारा डाग.

चूक अनवधानाने झाली. मला माहीत नव्हते.

१३ मार्च

चुलतभावाचा दूरध्वनी. नातीने त्याला सांगितलेले दिसते.

"म्हणजे इतकी वर्षं तुमच्या घरात बसलंय कोण?"

सांगितले.

"मॅट्रिकच्या पेपरला जाताना मी मुद्दाम तुमच्याकडे येऊन त्यालाच नमस्कार केला होता, दादा. तरीच पास झालो. आमच्या घरात तोवर कोणी झालं नव्हतं."

तो हसला. मला हसू आले नाही.

१८ मार्च

नात ग्रंथालयातून आली ती पाय न धुताच माझ्या खोलीत. आडनाव शोधता शोधता १९६९ची आवक नोंदवही तिच्या हाती लागली. ऑगस्ट महिना. बांधणी करणाऱ्या गृहस्थांच्या मुलीचे पत्र. विषय, छायाचित्रातील नाव. शेरा, 'परत पाठविले'. खाली माझी सही.

"काय होतं पत्रात?"

मी म्हणालो, आठवत नाही.

"तुम्हाला आठवत नाही?" एवढेच म्हणाली. ज्या माणसाने तिला इयत्ता दुसरीतील शुद्धलेखनाची चूक गेल्या महिन्यात पुन्हा ऐकवली, त्याला आठवत नाही. नोंदवहीतला पत्ता तिने उतरवून आणला आहे.

२१ मार्च

त्या पत्त्यावर आता कपडे दुरुस्तीचे दुकान आहे. दोन शिलाई यंत्रे, गळ्यात टेप, दातांत टाचणी. बांधणी करणाऱ्यांची नात. सत्तरी उलटलेली. मान वर न करता म्हणाली, "सैल करायचंय की घट्ट? घट्ट असेल तर बुधवारी मिळेल."

माझ्या नातीने छायाचित्राची प्रत पुढे केली आणि मी कोण ते सांगितले. बाईंनी टाचणी तोंडातून काढली.

"म्हणजे लाल पेन्सिलवाले तुम्ही."

त्या आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. पत्र त्यात होते. चार ओळी. 'डाविकडुन तिसरे माझे वडिल आहेत. त्यांच्या कोटाला सूई आसायची. आमच्या कडे दुसरा फोटो नाहि. एक प्रत मिळावि.' माझ्या खुणा अजून लालभडक आहेत. खाली माझ्याच सुबक अक्षरात: 'प्रथम शुद्ध लिहावे. मग दावा करावा.'

नातीने ते वाचले. माझ्याकडे पाहिले नाही.

"फोटोमागचं नाव आईने ग्रंथालयात बघितलं होतं. हे परत आल्यावर तिने पुन्हा लिहिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेलं सगळं सुधारून. तीनदा लिहिलं. हे बघा, इथेच आहेत तिन्ही. पाठवलं नाही. म्हणायची, पाठवलं तर तो माणूस आणखी काहीतरी काढेल."

तिन्ही पत्रे मी वाचली. तिसऱ्यात एकही चूक नाही.

"आई गेली त्याला सव्वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "बापाचा चेहरा कसा होता विचारलं की सांगायची, ग्रंथालयात आहे, पण दुसऱ्याच्या नावावर."

काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "आपल्या आईचे पत्र आले तेव्हा छायाचित्र आमच्या घरी लागून महिना होऊन गेला होता. वडिलांचा त्यावर जीव बसला होता. उशीर झाला होता."

बाई माझ्या नातीला म्हणाल्या, "ह्यांना पाणी दे गं. घाम आलाय."

२४ मार्च

भिंतीवरील चौकट उतरवली. मागे चौकोन राहिला आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा. मी आणि नात चौकट घेऊन दुकानात गेलो. बाईंनी हात पुसले, चौकट यंत्राला टेकवून उभी केली आणि दूर जाऊन पाहिली. "आईचं कपाळ," म्हणाल्या. मग मला विचारले, "आणि तुमचे आजोबा? त्यांचा दुसरा कुठे फोटो?"

म्हणालो, नाही. ते हलले होते.

"अरेरे," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. निघताना एक म्हातारा दुसऱ्या घरी पोचवून आल्यासारखे वाटेल, असा माझा समज होता. तसे वाटले नाही. त्यांनी मला दारापर्यंत सोडले आणि पायरीला जपा म्हणाल्या. त्या 'अरेरे'ला मी लायक नव्हतो.

परतताना नात म्हणाली, "जाऊ दे आजोबा. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

२६ मार्च

तारखांची शुद्धी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर जशीच्या तशी छापावी. एक प्रत नातीला. एक प्रत दुकानात मी स्वतः नेऊन देईन.

छायाचित्र घेतले: १९२२ नव्हे. १४ डिसेंबर १९२४.

आजोबांचा मृत्यू: ३ मे १९२५. कारकून.

पाठीमागे चुकीची नावे घातली: २ जुलै १९६९.

लहान नमुना प्रत वडिलांना दाखवली. 'नाक माझंच आहे' म्हणाले: ७ ऑगस्ट १९६९.

बांधणी करणाऱ्यांच्या मुलीचे पत्र आले: ९ ऑगस्ट.

मूळ छायाचित्र काढून भिंगाखाली धरले, यादी पुन्हा सुलट्या बाजूने लावून पाहिली, सुई पाहिली: ९ ऑगस्ट, दुपारी.

पत्र दुरुस्त करून परत पाठविले: ११ ऑगस्ट.

मोठी प्रत आमच्या भिंतीवर लागली: जुलैत नव्हे. १७ ऑगस्ट. खिळा मीच ठोकला.