काचेचा मोजा

१४ फेब्रुवारी २००९
जमलं! बाबूजींच्या नकली पायाचं सॉकेट तयार. गुडघ्याखालचा उरलेला पाय ज्यात बसतो, ती वाटी. प्लास्टरच्या साच्यावर काचेच्या धाग्याचा विणलेला मोजा चढवला, वर रेझिन ओतलं. एक सुरकुती म्हणून ठेवली नाही, असा ताणला! मळणीयंत्रात पाय गेल्यापासून आज पहिल्यांदा बाबूजी बांधावर चालले. "मस्त हाये बेटा!"
हाच माझा कॉलेजचा प्रोजेक्ट. तीन महिने वापरून नोंद करायची.

२ मार्च
हॉस्टेलवरून रोज फोन. "कसा आहे पाय?" "मस्त."

१६ मे
लॅबमध्ये त्याच मालाच्या पट्ट्या मशीनवर ओढल्या. उभी कापलेली दमदार. आडवी मात्र निम्म्या जोरातच टणकन तुटली! तिकडे बाबूजींचा पाय तर ठणठणीत. मशीन खोटं बोलतं की काय?
वहीत लिहिलं — 'तीन महिने. दोष नाही.' सर खूश.

१८ मे, दवनीवाडा
तुटलेली पट्टी मायला दाखवली. अर्ध्या गावाचे स्वेटर तीच विणते. उरलेला कोरा मोजा तिनं बोटांवर ताणून पाहिला.
"चढोतानी लय ओढला काऊन? उभा ओढला का टाक्याच्या ओळी दूर जाते. मंग आडवा जोर कोठून राहीन?"
चार वर्षं इंजिनीअरिंग करून राहिलो मी!
जुनाच साचा काढून नवं सॉकेट करायला घेतलं. "ओढू नोको, सरकव," माय शेजारी बसून सांगत होती. आतून आणखी एक थर दिला, आडवा. माय, तुझे उपकार कसे फेडू?

२४ मे
नव्या मालाची आडवी पट्टी टिकली! आभाराच्या पानावर पहिलं नाव मायचं — मुन्नीबाई. सरांचं दुसरं. रागावतील तर रागावोत.

३१ मे, दवनीवाडा
नवं सॉकेट बसवलं. जुनं मागितलं तर बाबूजी देईनात. शेवटी मायनंच आणून दिलं.
काठापासून तळापर्यंत उभी चीर. वरून सायकलची ट्यूब करकचून गुंडाळलेली.
"आठव्याच दिवशी फुटला होता. पोरगा मन लावून करून राहिला, त्याले सांगू नोको, म्हनत होते," माय म्हणाली.
बाबूजींच्या पायावर ट्यूबचे काळे वळ. खूप रडलो.
वहीतली ओळ खोडली. लिहिलं — 'आठ दिवस. पुढचे तीन महिने बाबूजी.'