एका ओळीत पुसलेली गाणी

आई, अजून डोळ्यांसमोर येतं: तुझ्या स्वयंपाकघरात दुपारी वाड्यावरच्या बायका बसल्या आहेत, तू काजूचे गर सोलते आहेस आणि मी टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून सगळ्यांना दटावते आहे, "एक गाताना दुसरीने बोलायचं नाही." धालोंच्या, म्हणजे पौषातल्या रात्री बायका नाचताना म्हणतात त्या गाण्यांच्या कॅसेटी पुढे बुरशी लागून गेल्या. त्याआधी मी गाणी संगणकात उतरवली होती. प्रत्येकीचा वेगळा फोल्डर, आत गाण्यांना एक, दोन, तीन अशी नावं. पहिला फोल्डर तुझा, गाणीही तुझीच जास्त. तुमच्यातलं आता कोणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला त्यातल्या दुबार प्रती काढायच्या होत्या. एकेक ऐकायचा कंटाळा केला आणि एआयला विचारलं. त्याने एका ओळीची आज्ञा लिहून दिली. ती मी संगणकाच्या काळ्या खिडकीत चिकटवली, एंटर दाबलं. सारख्या नावाच्या फायली म्हणजे एकच गाणं, असं त्या ओळीने धरलं. पहिल्या फोल्डरातली ठेवली, बाकीच्या बायकांची सगळी पुसली. अशा फायली कचरापेटीतही जात नाहीत. पणजी शहरात दुरुस्तीच्या दुकानात संगणक दाखवला, काही परत आलं नाही. आज्ञेखाली लिहिलं होतं, आधी प्रत काढा, काय पुसलं जाईल ते तपासा. न वाचता सही करणाऱ्यांना मी ऑफिसात उभं करून बोलत असे. मीच तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

तुला अक्षर येत नव्हतं. वाटणीचा कागद मी भरभर वाचला तेव्हा तू अंगठा मागे घेतलास. "सगळा वाच. तुझी बस सुटता काय गो?" मी पदवीधर, चारचौघांत मला अपमान वाटला होता.

काल त्या बायकांतल्याच शेजारच्या काकींची लेक कोरगावहून आली. "ताई, आयचा गाणा माका मोबायलार दी. चेडवाच्या लग्नात लावतलंय." ती हसली, "माझ्याकडे कॅसेट आसती तर उंदरांनी खाल्ली आसती. तुझ्याकडे म्हणान भिया नाय." मी म्हटलं, संगणक दुरुस्तीला दिलाय. ती मुलीच्या लग्नाआधी परत येईन म्हणून गेली.

तिला खरं सांगायला हवं, आणि सांगेन. पण एक गोष्ट तिला कधीच सांगता येणार नाही. सगळं गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी तुझा फोल्डर उघडला. तू गात होतीस. मला बरं वाटलं, आई. काकींची आठवण त्यानंतर झाली.