शेजारची सीट

५ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

थंडी आली. म्हणजे अजून आली नाही, पण माझ्या गुडघ्यांना तिची आगाऊ सूचना मिळाली आहे. बेडरूमची खिडकी गेल्या हिवाळ्यापासून बोटभर उघडीच राहते. सुतार पाठवतो असं सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं, त्याला नऊ महिने झाले. तेवढ्यात माणूस जन्माला येतो, सुतार येत नाही. आणखी एक हिवाळा मी या खिडकीशी भांडत काढणार नाही, आणि तूही तुझ्या घरात कुढत काढायचा नाहीस.

जानेवारीत तीन आठवडे आपण दोघी परदेशी जायचं, जिथे तेव्हा ऊन असतं अशा किनाऱ्यावर. गाडी भाड्याने घ्यायची आणि आपणच चालवायची. तुझ्या मुलाने मला सहलीच्या कंपनीबरोबर जायला सुचवलं. बावीस वर्षं मी शाळेत पोरींच्या रांगा लावल्या. आता कोणाच्या तरी उंच धरलेल्या छत्रीमागे मी रांगेत चालणार नाही, असं त्याला ऐकवलं.

उपमुख्याध्यापिका असताना करायचे तसं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. विषम तारखांना मी गाडी चालवणार, सम तारखांना तू. मेहुण्यांकडे बघायला सूनबाई तयार आहे. मी तिला परस्पर विचारलं, रागावू नकोस. त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दोन वर्षांत तुला धड झोप नाही, हे तुझ्या अक्षरावरूनच कळतं.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर तेवढं लवकर धाड.
ताई

१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं वेळापत्रक सुनेने फ्रिजवर लावलंय. मावशी श्वास घ्यायला वेळ ठेवायची विसरली, असं मुलाचं म्हणणं. ह्यांनाही वाचून दाखवलं. उजवा हात तसाच आहे, बोलणं दोन-तीन शब्दांपुढे जात नाही. पण ऐकताना डोळे हसले.

मला यायचंय गं. फार यायचंय. अंथरूण बदलणं, गोळ्या, मालीश, व्यायामाच्या बाई, भरवणं. यात मी कुठल्या खोलीत कशाला आले होते तेच आठवत नाही. परवा ओट्यापाशी उभ्याउभ्या डोळा लागला आणि दूध उतू गेलं.

पण गाडी तूच चालव, विषम आणि सम दोन्ही दिवशी. मी शेजारी बसून नकाशा बघेन. एवढं माझं ऐक.

माझ्यावरची माया अशीच राहू दे.
तुझी,
ठमी

२८ ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

गाडी देणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात कळवलं, की सत्तरीपुढच्या माणसाच्या हाती ते गाडी देत नाहीत. मी एकाहत्तर. पन्नास वर्षांत कोणाला साधं खरचटूही न दिलेल्या बाईपेक्षा काल लायसन्स मिळालेला पोरगा तुम्हाला बरा वाटतो का, असं मी विचारलं. तिने नियमाचा क्रमांक सांगितला. आणखी दोन कंपन्यांनीही तेच सांगितलं. फोन ठेवल्यावर हजेरीपटावरून आपलं नाव खोडलंय आणि आपल्याला कोणी कळवलंही नाही, असं वाटलं.

तू सदुसष्टची. तेव्हा चालवायचं तुलाच. पण सूनबाई सांगते, तुझी गाडी दोन वर्षं कव्हराखाली आहे आणि मेहुण्यांना तपासणीला टॅक्सीने नेतेस. कारण लिही. 'असंच आपलं' हे कारण नव्हे. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी ते कधी चालवून घेतलं नाही, मीही घेणार नाही.

रागातसुद्धा तुझीच,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ह्यांना झटका आला त्या दिवशी गाडी मी चालवत होते, हे तुला माहीत आहे. वीस मिनिटांचं कोणालाच माहीत नाही.

चौतीस वर्षं हे शेजारी बसून मला गाडी शिकवत होते. गियर बदल, आरसा बघ, घाई कसली. त्या दिवशी वळणावर मी चिडून त्यांना सांगितलं की आता एक शब्द बोलू नका. ते गप्प झाले. मला वाटलं, रुसले. त्यांचं ते नेहमीचंच. मी वीस मिनिटं सुखाने गाडी चालवली, ताई. गुणगुणत होते. पेट्रोल भरायला थांबले तेव्हा बघितलं, तर तोंड वाकडं झालेलं.

तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बसून लोकांच्या रक्तात काय बिघडलंय ते शोधलं. शेजारच्या सीटवरचं मला दिसलं नाही.

मध्यंतरी एकदा कव्हर काढून आत बसले होते. इतकं शांत होतं की लगेच उतरले. माझ्याने नाही व्हायचं. तू दुसरं कोणी शोध.

हे वाचूनही माया उरली तर कळव.
ठमी

१७ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. वीस मिनिटं आधी बघितलं असतंस तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काही वाचलं असतं. काहीच फरक पडला नसता असं मी लिहिणार नाही. तू प्रयोगशाळेतली, तुला ते पटणारही नाही. पण चौतीस वर्षं गियर शिकवणारा नवरा गप्प झाला, तर कुठल्याही बाईने आधी सुटकेचा निःश्वासच सोडला असता. त्या गुणगुणण्याची शिक्षा तू दोन वर्षं भोगते आहेस. मी कॉपी करणाऱ्या पोरींनाही एवढी दिली नाही.

ड्रायव्हर ठेवता येईल, किंवा एकाच हॉटेलात बसून राहता येईल. पण मग तू ऊन खाऊन परत येशील आणि गाडी कव्हराखालीच राहील. म्हणून रविवारी सकाळी दहाला मी तुझ्याकडे येते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊ, दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानापर्यंत. नाहीच जमलं, तर जानेवारीत तुझ्या गच्चीवर दोन खुर्च्या टाकून बसू. मी दोष देणार नाही.

शेजारच्या सीटवर मी असेन. माझं तोंड बंद राहत नाही, हे तू जन्मापासून सोसलं आहेस. म्हणून नियम एकच. मी दोन मिनिटं गप्प बसले, तर ताई कशावरून रुसली याचा विचार करत बसू नकोस. गाडी बाजूला घे आणि माझ्याकडे बघ.

तुझी,
ताई