हत्तिणीचा उजवा पाय

वेलचेरी, चेन्नई
९ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
ऋजुताचा सा. न. वि. वि.

तुमचं डिसेंबरचं पत्र पोचलं. डाव्या हाताचं अक्षर आता ओळीवर बसायला लागलंय, फक्त ‘ळ’ अजून पडायच्या बेतात असतो. डॉक्टरांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय आणि तुम्ही ते निम्म्यावर आणलंय, अशी आईने चुगली केली आहे. बोलणं नीट उमटत नाही म्हणून तुम्ही फोनवर येत नाही, तेव्हा माझी सगळी भिस्त या पत्रांवर. पान भरत जा. ठरल्याप्रमाणे मीही हातानेच लिहितेय, आणि इथल्या दमट हवेत कागदावर शाई फुटतेय.

आमच्या घरमालकीण कनकाआजी खालच्या मजल्यावर राहतात, तंजावरच्या मराठी. पोंगल पाच दिवसांवर आलंय, त्यामुळे रोज पहाटे दारात रांगोळी काढतात आणि मला उठवून ठिपके मोजायला लावतात. त्यांना माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं. त्यांचं ऐकताना मला वाटतं की सरफोजी राजे आत्ताच जेवून उठलेत. तुमची चौकशी रोज असते.

आता मुख्य बातमी. आमची सात मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म आज ऑनलाइन आली! पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या सिनेमात हिरोला उडवणारे पाठीचे दोर कॉम्प्युटरवर पुसणं आणि न लागलेल्या आगी लावणं. दिवसभर दोर पुसून मुलगी पगार कशी घेते, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. ही फिल्म मात्र आम्हा आठ जणांची स्वतःची. चौदा महिने शनिवारी येऊन केली. एक म्हातारी हत्तीण आटत चाललेल्या तळ्यातून सोंडेत पाणी घेऊन आजारी सोबतिणीकडे जाते, एवढीच गोष्ट. हत्तिणीचा मागचा उजवा पाय अधू आहे. तिची चाल पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत माझी आहे.

फिल्म कशी केली त्याचाही एक व्हिडिओ स्टुडिओने टाकलाय. तो मी अजून पाहिलेला नाही, पण दोन्ही आईच्या फोनवर पाठवलेत. चौतीस वर्षं पोरांची चाल सुधारणाऱ्या पी. टी.च्या मास्तरांचं मत हवंय. वीसपैकी मार्क द्या.

आईला सांगा, टी. नगरला जाऊन तिच्या साडीचं काम केलं, गर्दीत चप्पल तुटली तरी केलं. तुमचा लोभ असाच राहू द्या आणि मार्क देताना हात आखडता घेऊ नका.

तुमची,
ऋजुता

*

कराड
१८ जानेवारी २०२५

चि. ऋजुता हिस
अ. आ.

फिल्म पाहिली. हत्तीण चांगली आहे. तुझ्या आईने डोळे पुसले.

दुसरा व्हिडिओही पाहिला. तू तो पाहिला नव्हतास असं लिहितेस, ते खरं मानतो. पडद्याचे दोन भाग केले आहेत. उजवीकडे हत्तीण. डावीकडे आपल्या घरातला पॅसेज आणि पट्ट्यांच्या पायजम्यात पाय ओढत जाणारा माणूस. पाठमोरा आहे. तरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ओळखला. पुण्याहून तुझ्या आईला फोन केला, अभिनंदन करायला. खाली आकडा होता. अकरा हजार लोकांनी पाहिलं आहे.

अर्धांगवायूने पडलो त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून दवाखाना सोडून फाटकाबाहेर गेलेलो नाही. का, ते तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला कळलं आहे.

तू मला विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो. म्हणूनच विचारलं नसावंस.

पान भरलेलं नाही. आज इतकंच. आशीर्वाद आहेतच.

बाबा

*

वेलचेरी, चेन्नई
२४ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून राहिले. तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे. तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही. माफी मागताना आणखी काही सांगून ते झाकायचं नाहीये.

तो व्हिडिओ फिल्म आली त्याच दिवशी संध्याकाळी मी पाहिला आणि पहिल्याच क्षणी तुम्हाला ओळखलं. आमच्याकडे चाल करताना खऱ्या माणसाची, प्राण्याची चाल समोर ठेवावी लागते. मी तुमचं चित्रण कामाच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. जाहिरातीचं बघणाऱ्या व्यंकटला वाटलं, कुणीतरी नट आहे. त्याने ते सरळ वापरलं. मी सांगितल्यावर त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तीन दिवस होऊन गेले होते, कारण लाजेने मी तीन दिवस बोललेच नाही. वाटलं, तुमच्या नजरेतून सुटेल. ही माझी दुसरी चूक.

आता हे चित्रण कसं झालं ते. दिवाळीत आईला ताप होता. दुपारी मी झोपलेय असं समजून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, चहा केलात आणि डाव्या हातात कप धरून पॅसेजमधून तिच्या खोलीकडे निघालात. उजवा खांदा भिंतीला घासत होता. अकरा पावलांना तुम्हाला दोन मिनिटं लागली आणि थेंब सांडला नाही. मी कामासाठी नाही हो घेतलं ते. मला ते जवळ ठेवायचं होतं, म्हणून फोन उचलला.

हत्तिणीची चाल तोवर जमलीच नव्हती. आमची दिग्दर्शिका नंदिता, तिने अकरा वेळा परत पाठवली. म्हणायची, ही लंगडते आणि बघणाऱ्याकडे दया मागते. मग मी तुम्हाला समोर ठेवलं. तुम्ही कुणाकडे काही मागत नव्हतात. तुम्हाला कप पोचवायचा होता, बस्स. बाराव्या वेळी नंदिताने ती ठेवून घेतली.

कनकाआजींना सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्याच्या दारचं फूल तोडतानासुद्धा माणूस हाक मारतो, आणि मी बापाचा पाय न विचारता नेला, असं म्हणाल्या.

फिल्म अजून ऑनलाइन आहे. त्यातली चाल तुमची आहे, तेव्हा निर्णयही तुमचाच. तुम्ही नको म्हणालात तर ती उतरवायची, असं आठही जणांनी मान्य केलंय. कुणी तोंड वाकडं केलं नाही. कळवा. रागावलात तरी लोभाचं माणूस म्हणूनच रागवा.

तुमची,
ऋजुता

*

कराड
६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजू,
अनेक आशीर्वाद.

यांचं पत्र येत नाही म्हणून तू रोज फोनवर रडकुंडीला येतेस, आणि फोनवर सगळं बोलता येत नाही, हे समोरच बसलेले असतात. म्हणून लिहितेय.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मला तो चहा शेजारच्या जयवंतीवहिनींनी केला असंच वाटत होतं गं. उठले तर उशाशी कप, आणि घरात कुणी जागं नाही. वहिनींना त्यांच्या घरी जाऊन सांगूनही आले, की चहा छान होता पण साखर जास्त पडली होती. त्या बिचाऱ्या नुसत्या हसल्या. परत येऊन यांनाही सांगितलं, तर यांनी नुसती मान हलवली. आता मी रोज दोन चमचे साखर घालून पिते. मला पथ्य आहे, ओरडू नकोस.

फिल्मबद्दल ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. पण रोज जेवण झालं की माझा फोन मागतात, आवाज बंद करतात आणि हत्तीण बघतात. मध्येच थांबवतात, मागे नेतात. काल पॅसेजमध्ये उभे राहून भिंतीला हात लावून किती तरी वेळ बघत होते. विचारलं तर हाताने मला जा म्हणाले. मला भीती वाटतेय. त्यांना अजून दुखतंय, का आणखी काही चाललंय, समजत नाही.

तू खात जा. फोनवर रडू नकोस, मला इकडे दोघांना सांभाळावं लागतं. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
आई

*

कराड
१९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुता हिस
अ. आ.

उत्तराला उशीर झाला. आधी खात्री करून घ्यायची होती.

तुझ्या हत्तिणीच्या चालीत चूक आहे. पाहताना खटकत होतं पण कुठे ते कळत नव्हतं. मग सापडलं. ती उजवा पाय सरळ रेषेत ओढते. माझा पाय तसा जातो, पण फक्त पॅसेजमध्ये. उजवीकडे भिंत असते, पायाला बाहेर जायला जागा नाही. जंगलात भिंत नसते. मोकळ्यावर तो कसा पडतो ते मलाच माहीत नव्हतं.

म्हणून सोमवारी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर गेलो. तुझी आई बरोबर निघाली होती, तिला फाटकाशी थांबवलं. पूर्वी सहा मिनिटं लागत, आता पंचवीस लागली. लोक बघत होते. दोघांनी थांबवून विचारपूस केली. मी बोललो. त्यांना निम्मं कळलं असेल, त्यांनी पूर्ण कळल्यासारखं केलं. वाईट वाटलं. पण मेलो नाही.

मैदानावर वीस पावलं चालून मागे वळून पाहिलं. डावं पाऊल सरळ आहे. उजवं बाहेरून अर्धा गोल घेऊन येतं, मातीत त्याच्या रेघा उमटल्या होत्या. आधी कंबर उचलते, मग पाय फिरतो, चवडा आधी टेकतो आणि टाच नंतर. शेवटी आकृती काढली आहे. या फिल्ममध्ये आता दुरुस्ती होणार नाही हे मला कळतं. पुढच्या वेळी लक्षात ठेव.

शाळेची मुलं तिथे संचलन करत होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी ज्या बाजूचा पाय पुढे, त्याच बाजूचा हात पुढे टाकत होती. नवे मास्तर दुसरीकडे बघत होते. मला राहवलं नाही. मोठ्याने ओरडलो. शब्द वेडावाकडा आला, माझा मलाच कळला नाही. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि हात बदलला.

वीसपैकी सोळा. चार त्या पायाचे कापले. कपाचे पूर्ण दिले आहेत.

फिल्म उतरवायची नाही. आठ जणांचं काम आहे, आणि आता मला धरून नऊ.

पाडव्याला येशील तेव्हा कॅमेरा आण. मैदानावर चालून दाखवतो. तू विचारलंस असं समज, आणि मी हो म्हणालो. पाठमोरा मात्र घेऊ नकोस. समोरून घे.

कनकाबाईंना माझा नमस्कार सांग. तुला आशीर्वाद. पान भरलं.

बाबा